शामन कुणाच्या वतीने बोलतो?

विचारलेलं थोडक्यात असं: शामन, म्हणजे आत्म्यांच्या जगाशी संपर्क साधणारे विधिकर्ते, यांच्या श्रद्धा नेमक्या काय असतात, ते तंद्रीत जातात म्हणजे काय होतं, हे सगळं खरं की बनवाबनवी, आणि ढोलाच्या ठेक्यावर ‘शामनिक प्रवास’ शिकवणारं दोन दिवसांचं शिबिर करून माणूस शामन होतो का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. नाही होत. शिबिरातला अनुभव खोटा असतो म्हणून नव्हे. अनुभव अगदी खरा, हादरवून टाकणारासुद्धा असू शकतो. पण शामनपण अनुभवावर ठरत नाही, ते कुणाच्या तरी वतीने उभं राहण्यावर ठरतं. अशील नसलेला वकील जितपत वकील, तितपतच पाठीशी माणसं नसलेला शामन हा शामन. धर्माचं मानववंशशास्त्र शिकवण्यात माझं बरंच आयुष्य गेलं. दर वर्षी नवे विद्यार्थी पहिल्याच तासाला तंद्रीबद्दल विचारतात, आणि दर वर्षी मी त्यांना आधी शिकारीबद्दल सांगते. इथेही तेच करते.

सैबेरियाच्या जंगलात शिकारीवर जगणाऱ्या एव्हेंकी, बुर्यात अशा लोकांच्या जुन्या समजुतीत हरीण किंवा एल्क हे कुणाच्याही मालकीचं नसलेलं जनावर नव्हतं. त्यांना राखणारे, देणारे आत्मे होते. माणूस जंगलातून मांस घेतो, तेव्हा तो कुणाकडून तरी घेतो, आणि घेतलेलं फेडावं लागतं. फेड कशाने? माणसाच्या स्वतःच्या जीवशक्तीने. म्हातारपणी आटत जाणारी ताकद, आजारपणं, जंगलात गेलेला आणि परत न आलेला माणूस, हे सगळं त्या हिशेबात धरलेलं. रोबेर्त आमायों या फ्रेंच विदुषीने बुर्यात आणि इतर सैबेरियन शामनांवर १९९० मध्ये जे मोठं काम प्रसिद्ध केलं, त्याचा गाभा हाच आहे: शामन हा या देवाणघेवाणीतला बोलणी करणारा माणूस. शिकार लवकर आणि भरपूर मिळावी, फेड मात्र उशिरा आणि कमीत कमी व्हावी, यासाठी तो आपल्या लोकांतर्फे घासाघीस करतो. त्यासाठी तो जंगलाच्या आत्म्याच्या मुलीशी लग्न लावतो, म्हणजे तिकडचा जावई होतो. शिंगांचा मुकुट घालून नर हरणासारखा उड्या मारणं, घुसळणं, हुंकारणं हा त्या लग्नाचा भाग. पाहुण्याला त्यात नुसता नाच दिसतो.

आर्क्टिकमध्ये हाच विचार आणखी उघडावाघडा दिसतो. क्नुद रासमुसेन हा डॅनिश संशोधक-प्रवासी १९२१ ते १९२४ या काळात ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंत कुत्र्यांच्या गाडीने फिरला. त्याला इग्लुलिक भागातल्या इव्हालुआर्जुक नावाच्या इनुइट माणसाने सांगितलं की जगण्यातला सगळ्यात मोठा धोका हा, की आमचं अन्न म्हणजे निव्वळ जीवच आहेत. मारलेल्या प्रत्येक सीलला, अस्वलाला आत्मा आहे. तो दुखावला गेला तर उलटेल. शामनिझमच्या श्रद्धा एका वाक्यात सांगा असं कुणी म्हटलं तर मी हेच सांगते. तीन जगं, विश्ववृक्ष, सात की नऊ आकाशं हे तपशील प्रदेशागणिक बदलतात. ही धास्ती शिकारी समाजांत जवळपास सगळीकडे भेटते.

त्याच रासमुसेनने लिहून ठेवलेला एक विधी जरा जवळून पाहू, कारण शामन प्रत्यक्षात काय करतो हे त्यात स्पष्ट दिसतं. सील मिळेनासे झालेत, वस्ती उपाशी आहे. समुद्राच्या तळाशी राहणारी बाई रुसली आहे. तिला आज बहुतेक जण सेडना म्हणून ओळखतात. बापाने तिची बोटं तोडली आणि त्या बोटांचेच समुद्रातले प्राणी झाले, अशी कथा आहे. वस्तीतली मोठी माणसं एका घरात जमतात. शामन झोपण्याच्या ओट्यावर पडद्यामागे बसतो, अंगावर फक्त बूट आणि हातमोजे. दिवे मंद करतात, सगळे डोळे मिटून घेतात. बराच वेळ शांतता. मग तो म्हणतो, वाट तयार झाली. जमलेले एका सुरात म्हणतात, तसंच होवो. त्याचा आवाज हळूहळू लांब जात राहतो, आणि घरात मेलेल्यांचे उसासे ऐकू येऊ लागतात.

तळाशी तिच्या घराच्या दारात हाड चघळणारा कुत्रा आडवा पडलेला असतो. आत तिचा बाप शामनला मेलेला माणूस समजून पकडायला धावतो, तेव्हा हा ओरडून सांगतो की मी अजून हाडामांसाचा आहे. ती दिव्याकडे पाठ करून बसलेली असते, केस तोंडावर आलेले, मळाने चिकटलेले. तो मळ म्हणजे वर राहणाऱ्या माणसांनी मोडलेले विधिनिषेध. बोटं नसल्यामुळे तिला स्वतःचे केस विंचरता येत नाहीत. शामन तिला खांद्याला धरून दिव्याकडे वळवतो, केसांतून हात फिरवतो, विंचरून देतो. राग निवला की ती सांगते, कशामुळे वाट अडली: बायकांनी लपवलेले गर्भपात, मांस शिजवण्याचे मोडलेले नियम.

विधी इथेच संपला असता तर ती एक सुंदर कथा झाली असती, इतकंच. पण तो धापा टाकत परत येतो आणि म्हणतो, मला काही सांगायचं आहे. लोक म्हणतात, ऐकू दे. तो एवढंच म्हणतो की शब्द उठतील, आणि गप्प बसतो. मग घरातली माणसं एकेक करून कबूल करू लागतात. बाईने शेजारणीपासून लपवलेलं, तरुणाने बापापासून लपवलेलं, सगळं त्या अंधारात बाहेर येतं. रात्र संपेपर्यंत प्रत्येकाच्या खात्यावर काही ना काही जमा असतं, आणि लोक चक्क हलके होऊन उठतात, कारण दोष सापडला म्हणजे आता सील येणार. माझ्या मते विधीचा खरा गाभा शामन परतल्यानंतर सुरू होतो. तळाशी जाणं ही त्याची पूर्वतयारी.

आता तंद्री. १९५१ मध्ये मिर्चा एलियादे या धर्मांच्या इतिहासकाराने शामनिझमला ‘परमानंदाचं आदिम तंत्र’ म्हटलं, आणि शामन म्हणजे ज्याचा आत्मा शरीर सोडून वर किंवा खाली प्रवास करतो तो, अशी व्याख्या रूढ झाली. अंगात येणं वेगळं, शामन स्वतः जातो, अशी रेघ त्याने ओढली. ग्रंथ अफाट वाचनातून उभा राहिलेला आहे, पण एलियादे स्वतः कुठल्या शामनाजवळ राहिलेला नव्हता, आणि ती रेघ प्रत्यक्षात टिकत नाही. कोरियातल्या मुदांगच्या, म्हणजे तिथल्या शामन बाईच्या, अंगात देव येतात. ओडिशातल्या सोरा लोकांची शामन बाई आधी स्वतः पाताळात उतरते आणि मग तिच्या तोंडून मेलेले बोलतात, म्हणजे दोन्ही एकाच बैठकीत. ढोलाच्या ठेक्याचा मेंदूवर परिणाम होतो हे १९६०च्या दशकात अँड्र्यू नेहरने प्रयोगशाळेत दाखवायचा प्रयत्न केला आणि सेकंदाला चार ते सात ठोके हा आकडा तिथूनच लोकप्रिय झाला. सैबेरियात मात्र शामन दहा मिनिटं वाजवतो, थांबतो, तंबाखू ओढतो, थट्टा करतो, परत वाजवतो. आमायों तर म्हणते की तंद्री हा शब्दच विश्लेषणातून काढून टाकावा. मी इतक्या टोकाला जात नाही, पण शरीराच्या अवस्थेपेक्षा तिथे ठरलेली भूमिका वठवली जाते आणि लोक ती पारखून घेतात, हे तिचं म्हणणं मला पटतं.

म्हणजे मग सगळं नाटकच? हा प्रश्न पाश्चात्त्य प्रवाशांच्याही आधी त्या समाजांनी स्वतःच विचारला होता. १९०० च्या सुमारास व्लादिमीर बोगोराझ या हद्दपार रशियन क्रांतिकारकाने ईशान्य सैबेरियातल्या चुक्ची लोकांच्या शामनचं फोनोग्राफवर ध्वनिमुद्रण केलं. अंधारात शामन यंत्रापासून काही अंतरावर बसला होता. त्याचा स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा उमटला, आणि ‘आत्म्यांचे’ आवाज मात्र थेट कर्ण्यात बोलल्यासारखे. बोगोराझ त्याला शब्दभ्रमाचं कसब म्हणतो, पण कसब अचाट होतं हेही प्रामाणिकपणे मान्य करतो.

याहून बोलकी कथा कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाक्युट्ल लोकांतल्या क्वेसालिदची. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने ती प्रसिद्ध केली आणि क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या दुसऱ्या मानववंशशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये तिच्यावर लिहून ती जगभर पोहोचवली. क्वेसालिदला शामनांचं बिंग फोडायचं होतं, म्हणून तो त्यांच्यात शिरला. त्याला शिकवलं ते असं: पक्ष्याच्या मऊ पिसाचा पुंजका गालात लपवायचा, जीभ किंवा हिरडी चावून तो रक्ताने माखायचा, आणि रोग्याचं अंग चोखल्यावर थुंकून म्हणायचं, हा बघ तुझा आजार. पहिल्याच रोग्याला बरं वाटलं. पुढे तो शेजारच्या कोस्किमो लोकांकडे गेला. तिथले शामन नुसती थुंकी दाखवत. त्यांच्याच्याने बरी न झालेली बाई याच्या पिसाने बरी झाली, आणि तिथले शामन रात्री येऊन त्याचं गुपित मागू लागले, कारण त्यांची पुरती नाचक्की झाली होती. क्वेसालिद धंदा सोडून गेला नाही, नामांकित शामन झाला. सगळे लबाड आहेत ही त्याची खात्री मात्र हळूहळू पातळ झाली. एक शामन त्याला खरा वाटत होता. का? तो बऱ्या झालेल्यांना पैसे देऊ देत नसे आणि कधी हसताना दिसला नाही.

गंमत अशी की शामनच्या लोकांना पीस खोटं आहे हे कळलं तरी फरक पडेलच असं नाही. आजार हा डोळ्यांना न दिसणारा असतो, तो दिसेल अशा रूपात आणणं हे शामनचं काम आहे, असं ते म्हणू शकतात. सर्जनने कापून काढलेली गाठ आणि हे पीस यात मला स्वतःला फरक दिसतो, मोठा दिसतो. कर्करोग पिसाने बरा होत नाही. पण विधीत बरं होणं ही एकच गोष्ट घडत नसते, एवढं ध्यानात ठेवलं की ‘खरं की खोटं’ या प्रश्नाची धार बोथट होते.

शामन कोण होतो, याबद्दल रम्य कल्पना फार आहेत. जवळपास कुठल्याच परंपरेत माणूस हौसेने शामन होत नाही. आधी आजार येतो. कोरियात त्याला सिनब्योंग म्हणतात: अन्न जात नाही, स्वप्नं पडतात, घरात एकामागून एक अनर्थ, डॉक्टरांना काही सापडत नाही. शेवटी जुनी मुदांग ओळखते की देवांनी हिला निवडलंय, आणि नेरिमगुत हा दीक्षाविधी होतो. बहुतेक जणी आधी वर्षानुवर्षं नकार देतात, कारण मुदांगला समाजात मान कमी आणि हेटाळणी जास्त. किम कुम-ह्वा (१९३१–२०१९) ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. किशोरवयात आजीकडून दीक्षा, चारा कापायच्या पात्यांवर अनवाणी उभी राहणारी. १९७० च्या दशकात सरकारी ग्रामसुधार मोहिमेत अंधश्रद्धा म्हणून पोलिसांनी तिचे विधी उधळले, आणि १९८५ मध्ये त्याच सरकारने तिला सांस्कृतिक वारशाची अधिकृत वाहक ठरवलं. नेपाळात वनझांक्री नावाचा जंगलातला बुटका आत्मा मुलांना पळवून नेऊन मंत्र शिकवतो. शुद्ध मनाची ठरली ती झांक्री, म्हणजे तिथले शामन, होऊन परततात, इतरांना त्याची बायको खाऊन टाकते म्हणे.

सगळ्यांत कठोर वर्णन सैबेरियातल्या सखा (याकुत) लोकांचं. होऊ घातलेला शामन दिवसेंदिवस निपचित पडतो. आत्मे त्याचं डोकं कापून बाजूला ठेवतात, तेही असं की त्याने स्वतःचं अंग कापलं जाताना बघावं. मांस खरवडतात, हाडं मोजतात, आणि मांसाचे तुकडे रोगांच्या आत्म्यांना वाटतात. ज्या रोगाच्या आत्म्याने त्याचा तुकडा खाल्ला, तेवढेच रोग पुढे तो बरे करू शकतो. वाटणीत कमी पडलं तर त्या रोगापुढे तो कायमचा हतबल. शिकारीचा हिशेब इथे शामनच्याच अंगावर फिरवलेला आहे: त्याने आधी फेडलं, म्हणून त्याला मागायचा अधिकार. शिबिरात नेमका हाच भाग गाळलेला असतो.

मानसोपचारवाल्यांनी मध्यंतरी शामन म्हणजे मनोरुग्ण असं ठरवून टाकलं होतं. तो वाद आता जवळपास मिटला आहे. मनोरुग्णाला त्याच्या दृश्यांवर ताबा नसतो, शामनला तो दाखवावाच लागतो. १९३५ मध्ये शिरोकोगोरोव्ह या रशियन अभ्यासकाने तुंगूस (म्हणजे एव्हेंकी आणि त्यांचे भाईबंद) शामनांबद्दल हेच म्हटलं होतं की शामन आत्म्यांचा मालक असतो. जोवर आत्मेच त्याच्यावर स्वार आहेत तोवर तो फक्त आजारी माणूस.

ढोलाबद्दल थोडंसं. सैबेरियात ढोल म्हणजे वाहन, ज्या जनावराचं कातडं त्याच्यावर स्वार होऊन जायचं, आणि म्हणून नव्या ढोलाला आधी जिवंत करावं लागतं. उत्तर स्कँडिनेव्हियातल्या सामी लोकांच्या ढोलांवर चित्रं असत आणि वाजवताना त्यांवर एक कडी फिरे. ती कुठे थांबते त्यावरून कौल. ख्रिस्ती सत्तेने हे ढोल जप्त केले, जाळले. आज सत्तरेकच उरलेत. आंदेर्स पोलसेन या म्हाताऱ्या सामीवर १६९२ मध्ये नॉर्वेत वाड्सो इथे जादूटोण्याचा खटला चालला. त्याने न्यायालयात एकेका चित्राचा अर्थ सांगितला. निकाल लागण्याआधीच कोठडीत एका वेडसर माणसाने त्याला कुऱ्हाडीने मारलं. ढोल डेन्मार्कच्या मालकीचा राहिला आणि ती मालकी २०२२ मध्ये सामींना परत मिळाली. सोव्हिएत काळात हेच पुन्हा झालं: शामनांचा मताधिकार काढला, तीसच्या दशकात अटका झाल्या, ढोल जप्त होऊन संग्रहालयांत गेले. १९९० नंतर दक्षिण सैबेरियातल्या तुवात मोंगुश केनिन-लोप्सान या इतिहासकार-लेखकाच्या पुढाकाराने शामनांच्या संघटना निघाल्या, दरपत्रकासकट. नाकं मुरडणाऱ्यांना मी विचारते, दक्षिणा पूर्वी नव्हती का?

मेलेल्यांशी बोलण्याबद्दल सोरांचं उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पियर्स व्हिटेब्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून त्यांच्यात राहिला. शामन बाई पाय पसरून बसते, गात गात तिचा आत्मा माकडासारखा कड्यावरून पाताळात उतरतो, हातपाय ताठरतात, बाजूच्या बायका ते सोडवतात. मग एकेक मृत माणूस येऊन बोलू लागतो. नातेवाईक घोळका करून बसलेले. रडतात, भांडतात, हसतात. मला औषध का आणलं नाही? पैसे नव्हते रे. माझे दागिने कुणी घेतले? नुकता मेलेला माणूस कडवट असतो आणि त्याचाच आजार मागे राहिलेल्यांना लावू पाहतो. वर्षानुवर्षं अशा गप्पा झाल्यावर तो निवतो आणि शेवटी आपलं नाव घरातल्या नव्या बाळाला देतो. इथेही शामन बाई स्वतःचं काहीच सांगत नाही. तिचं तोंड गावाच्या वापरासाठी आहे. पुढे सोरांची तरुण पिढी मोठ्या संख्येने बाप्टिस्ट ख्रिस्ती झाली आणि हे संवाद ओसरले.

शामनिझम म्हणजे निसर्गप्रेम, सौम्यता, उपचार असं चित्र ज्यांच्या डोक्यात आहे त्यांनी ॲमेझॉनकडे पाहावं. इक्वाडोरच्या शुआर लोकांत बरा करणारा शामन आणि मारणारा शामन एकच हत्यार वापरतात, त्सेंत्साक नावाचे अदृश्य बाण. रोग्याच्या अंगातून बाण काढला की तो कुणी मारला हा प्रश्न येतो, आणि त्यातून पूर्वी खून पडत. आपल्यासाठी देव असलेला शामन शेजारच्या नदीकाठी मारेकरी असतो.

आता शिबिरं. मायकल हार्नर हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ याच शुआरांकडे आणि पेरूतल्या कोनिबोंकडे शिकला, आणि १९८० च्या आसपास त्याने सगळ्या परंपरांचा समान अर्क म्हणून एक पद्धत बसवली: आडवं पडा, ढोल ऐका, बिळातून खालच्या जगात उतरा, तुमचा शक्तिप्राणी शोधा. बाण गेले, फेड गेली, कुळ गेलं. उरलं ते स्वतःसाठी केलेलं मार्गदर्शित ध्यान. त्याने कुणाला शांत वाटत असेल तर माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती दोन दिवसांनी हातात प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्यांवर ‘आत्मा परत आणण्याचे’ उपचार करण्याला.

मारिया साबिनाचं काय झालं तेही माहीत असू द्या. मेक्सिकोतल्या वाउत्ला गावची ही मासातेक बाई रात्रभर जागून पवित्र मानलेल्या, भास घडवणाऱ्या अळंब्यांनी रोग्यांचं निदान करी. १९५५ मध्ये गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर तिच्या बैठकीला बसला. घरी असलेल्या मुलाची काळजी वाटते असं कारण त्याने पुढे केलं, कारण अळंबी कुतूहलापोटी खायची नसते. १९५७ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा लेख आला आणि गावात परदेशी तरुणांची रीघ लागली. पोलीस आले, गावाने तिला दोष दिला, तिचं घर जाळलं गेलं. ती पुढे म्हणाली की वॉसनच्या आधी कुणी देव शोधायला अळंबी खात नसे, आजाऱ्याला बरं करायलाच खात. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली.

आयावास्का या ॲमेझॉनमधल्या, भास घडवणाऱ्या काढ्याच्या शिबिराला जायचा विचार असेल तर श्रद्धा बाजूला ठेवून रसायन समजून घ्या. त्यात दोन वनस्पती असतात. एकीत डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य असतं, पण नुसतं प्यायलं तर पोटातलं एन्झाइम ते निकामी करतं. दुसरी, म्हणजे वेल, तिच्यातली हार्मीनसारखी द्रव्यं ते एन्झाइम रोखतात, म्हणून काढा चढतो. हीच रोखण्याची क्रिया नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांबरोबर जमली तर सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनाचा घातक अतिरेक, होऊ शकतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. तुम्हाला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर जाऊ नका. आयोजकाला विचारा, रात्री काही बिघडलं तर सर्वांत जवळचं रुग्णालय किती लांब आहे आणि कोण नेईल, आणि तुमच्या गोळ्यांची यादी त्याने स्वतःहून मागितली का हे बघा. ‘येण्याआधी गोळ्या बंद करा’ असं तो फोनवर सांगत असेल तर ते ऐकून बंद करू नका. काही गोळ्यांचा अंमल शरीरातून जायला आठवडे लागतात आणि अचानक थांबवल्याचे त्रास वेगळेच. त्या ज्याने लिहून दिल्या त्याच डॉक्टरला, कशासाठी विचारताय ते न लपवता, विचारा.